टेकचंदच्या सहीसाठी

हेमचंद्र गुप्त्यांना बाकी काहीही सांगा, ऐकून घेतील. आमटीत मीठ जास्त झालंय सांगा, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेलीय सांगा, मान डोलावतील. पण लाकडाच्या कामात कुणी तोंड घातलं की संपलंच. उभी हयात अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेली त्यांची, शेवटी अधिकारी होऊन निवृत्त झाले. मग बदलापूरच्या कात्रप भागातल्या फ्लॅटची मागची गॅलरी काचा लावून बंद केली, तिथे छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, बसवलं आणि लाकडी पेनं करायला लागले. विकायची नाहीत हं, वाटायची. भाचीला दहावी झाली म्हणून पेन, डॉक्टरांनी मोतीबिंदू चांगला काढला म्हणून पेन. उमाताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की डाळ निवडावी तर भुसा, अंथरूण झटकावं तर भुसा, हा माणूस कामावर होता तेच बरं होतं बाई.

पेनाच्या आत एक पितळी नळी लागते. तिच्यासाठी गुप्ते उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जायचे. फर्निचरवाल्यांना लागणारे स्क्रू, बिजागऱ्या, मुठी असला माल. गल्ल्यावर शेठ बसायचा, पण माल कुठे काय आहे ते ठाऊक टेकचंदला. हा टेकचंद दुकानातला नोकर, पन्नाशीचा, बारीक अंगाचा. पहिल्याच भेटीत दोघांचं नळीच्या मापावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडण मिटता मिटता चहा झाला. तेव्हापासून नळी संपलेली असो वा नसो, गुप्ते आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसायचेच.

टेकचंद मूळचा सिंधमधल्या शिकारपूरचा. फाळणीच्या वेळचा नव्हे, अलीकडचा. तरुणपणी बायकोला, लाजवंतीला, आणि दोन पेट्या घेऊन इकडे आला तो आलाच. पण कागदावर अजून पाकिस्तानी. वीस-बावीस वर्षं झाली, व्हिसा वाढवून घ्यायचा, चौकीत हजेरी लावायची, कर्जतला कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं तरी जिल्हा बदलतो म्हणून आधी परवानगी. सीमेवर कुठे काही झालं, की दुकानात टीव्ही बंद करून हा मागच्या बाजूला स्क्रू मोजत बसायचा. गुप्त्यांना ते बघवत नसे. "अरे, तू कशाला तोंड लपवतोस?" असं ते ओरडायचे. टेकचंद हसायचा आणि म्हणायचा, "साईं, तुमचं बरं आहे."

तर या टेकचंदचा गेल्या पावसाळ्यात एक दिवस फोन आला. आवाज असा कापत होता की गुप्त्यांना वाटलं कुणी गेलं की काय.

"साईं, झालं! मंजूर झालं! ठाण्याला बोलावलंय, मोठ्या ऑफिसात. शपथ घ्यायची आणि सही करायची. मग मी तो इंडियन!"

"अरे, मग रडतोस काय गाढवा?"

"हात तो कापणार माझा साईं, सही करताना. वाकडी आली तर?"

"नाही येणार," गुप्ते म्हणाले. "पेन माझं असणार ना."

आणि लागले की कामाला! असं तसं पेन चालणार होतं का? तिरंगी पाहिजे, आणि रंग फासलेलं नको, लाकूडच त्या त्या रंगाचं पाहिजे. केशरीसाठी फर्निचर बाजारातून पडॉकचा तुकडा आणला, चिरल्यावर तो शेंदरासारखा निघतो. पांढऱ्यासाठी कुड्याचं लाकूड, ते बारवी धरणाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवलं. हिरवं लाकूड मात्र देवाने केलेलंच नाही. मग शिवणीचा तुकडा हिरव्या रंगाच्या पाण्यात मुरत घातला, तोसुद्धा उमाताईंच्या लोणच्याच्या बरणीत. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. पांढऱ्याच्या बरोबर मध्ये निळ्या रंगाचं बारीकसं कडं. तिन्ही तुकडे चिकटवले, मधून भोक पाडलं, नळी बसवली, लेथवर चढवलं आणि पटाशी लावली. दोनदा फुटलं. कुड्याचा तुकडा ऐनवेळी दगा देई. तिसऱ्यांदा जमलं, आणि असं जमलं की सांध्यावरून नख फिरवलं तरी कळेना कुठे एक लाकूड संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं. चपडीच्या पॉलिशचे हात दिले. मग एका बाजूने क्लिप दाबून बसवली, दुसऱ्या बाजूने लिहायचं टोक. ही बसणी अशी घट्ट असते की एकदा दाबलं की दाबलं, काढायला गेलात तर लाकूड तडकलंच म्हणून समजा.

उमाताई पदराला हात पुसत आल्या आणि टेबलावर ठेवलेलं पेन बघून म्हणाल्या, "सुरेख झालंय हो. पण केशरी खाली का घेतलंत?"

"खाली कुठे? पुढे आहे ते!" गुप्ते भडकले. "लिहायचं टोक पुढे असतं. मान पुढच्याला, म्हणून केशरी पुढे. तुला लेथमधलं काय कळतं?"

"मला काहीच कळत नाही," असं म्हणून उमाताई बरणी घासायला गेल्या.

आता यात गुप्त्यांनी मुद्दाम काही केलं म्हणाल तर नाही. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस तो. लेथवर वस्तू आडवी असते. तिला डावं असतं, उजवं असतं, पुढचं टोक असतं, मागचं टोक असतं. वर आणि खाली नसतंच. कागदावरच्या आराखड्यात आडवं, लेथवर आडवं, टेबलावर आडवं, आणि शेवटी मऊ कापूस घातलेल्या लाकडी डबीतसुद्धा आडवंच. त्यांच्या डोळ्यांनी ते पेन एकदाही उभं पाहिलं नव्हतं.

डबी दिली त्या दिवशी टेकचंदने पेनाला नुसतं बोट लावलं आणि पटकन डबी मिटली. दुकानातल्या झुलेलालच्या तसबिरीखाली ठेवली. "शपथेच्या दिवशीच काढणार, साईं," म्हणाला. डोळे पुसायला तो मागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. गुप्ते घरी येताना इतके खूश होते की उमाताईंना वडापाव घेऊन आले.

पण धीर निघाला नाही बिचाऱ्याला! पंधरा ऑगस्टला बाजारातल्या व्यापाऱ्यांचं झेंडावंदन असतं. इतकी वर्षं टेकचंद त्या गर्दीत मागे, भिंतीला टेकून उभा राहायचा. या वेळी शेठने त्याला हाताला धरून पुढे आणलं, की बघा, आपला टेकचंद पुढच्या आठवड्यात भारतीय होतोय. टाळ्या झाल्या, गळ्यात हार पडला, फोटो काढले. पांढरा सदरा, आणि खिशाला बाहेरून, सगळं दिसेल असं अडकवलेलं ते पेन. तो फोटो बाजाराच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठे कुठे गेला ते देव जाणे. तासाभरात तो परत आला तेव्हा खिशाभोवती लाल गोल काढलेला होता आणि खाली लिहिलं होतं, हिरवा वर, केशरी खाली, पाकिस्तानी माणसाने आपल्या झेंड्याच्या दिवशी आपला झेंडा उलटा लावला.

लाजवंतीचा फोन आला तेव्हा गुप्ते जेवून आडवे झाले होते.

"भाईसाहब, ह्यांना चौकीत नेलंय," ती सांगत होती. "दुकानावर खूप लोक आले होते. कॉलर धरली, हार तोडला. मारलं नाही, पोलीस आले वेळेवर. पण कुणीतरी लिहून तक्रार दिली. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला पण सांगितलं घेऊ नको. तरी मी केला फोन. मला दुसरं कोण आहे?"

"पण केलं काय त्याने?"

तिने फोटो पाठवला. गुप्त्यांनी चष्मा लावला. फोटोत टेकचंद हसत होता, आणि त्याच्या खिशावर हिरवं वर होतं. गुप्ते उठून गॅलरीत गेले. तिथलं एक साधं पेन घेतलं, आडवं धरलं, मग क्लिप वर करून उभं धरलं. मग स्वतःच्या खिशाला लावलं. तसेच स्टुलावर बसले. एवढी साधी गोष्ट! पहिलीतल्या पोराने सांगितली असती.

पुण्याहून मुलाचा, पुष्करचा, फोन आला. त्याच्यापर्यंतही तो फोटो पोचला होता. "बाबा, ते पेन तुमचं आहे ना? मला माहितीये, तुम्ही मला दाखवलं होतं. पण बाकी कुणाला माहीत नाहीये. प्लीज तुम्ही त्यात पडू नका. लोक हल्ली घरापर्यंत येतात. चार दिवस गप्प बसा, वकील वगैरे बघू आपण."

"वकील कुणासाठी बघतोस?" गुप्त्यांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला.

मी सांगितलं होतं, असं म्हणायला उमाताईंना याहून चांगली संधी मिळाली नसती. पण त्यांनी ती घेतली नाही. साडी बदलून, पर्स काखेत मारून दारात उभ्या राहिल्या. "चला," म्हणाल्या. "मी लाजवंतीजवळ बसेन."

रिक्षात गुप्त्यांच्या मनाने उचल खाल्ली. भीती गेली, उलट राग आला. कोण हे लोक कॉलर धरणारे? बावीस वर्षं जो माणूस मान खाली घालून जगला, त्याच्यावर माझ्या हातच्या चुकीचं खापर? सगळं सांगून टाकायचं, तोंडावर सांगायचं, की केलं मी, चुकलं माझं, काय करायचं ते माझं करा. फोनमध्ये फोटो होतेच. लाकूड चिरतानाचे, चिकटवतानाचे, लेथवर फिरतानाचे. पुष्करला पाठवायला काढले होते. अंबरनाथ मागे पडेपर्यंत त्यांनी मनात पूर्ण भाषण तयार केलं.

चौकी लहानशीच होती. बाहेर बाकावर लाजवंती बसली होती, तिच्याशेजारी उमाताई जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. आत एक तरुण फौजदार, समोर खुर्चीच्या अगदी कडेला टेकचंद. सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता. टेबलावर, कागदांच्या शेजारी, पेन.

गुप्ते आत शिरले तसा टेकचंद दचकला. त्याने डोळे मोठे केले, मान हलवली. इतकी बारीक हलवली की दुसऱ्या कुणाला दिसू नये.

"नमस्कार. मी हेमचंद्र गुप्ते, बदलापूरला राहतो. हे पेन मी केलंय," गुप्ते उभ्याउभ्याच म्हणाले. "उलटं बसवलं ते मी. या माणसाचा त्यात काहीही दोष नाही."

फौजदारांनी टेकचंदकडे पाहिलं. "ओळखता यांना?"

"नाही साहेब," टेकचंद म्हणाला. "हे कोण आहेत, मी तो ओळखत नाही."

गुप्त्यांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. "ओळखत नाहीस? टेकचंद! माझ्याकडे बघून सांग, मला ओळखत नाहीस?"

"दुकानात खूप गिऱ्हाईक येतं साहेब. असतील हे पण. मला नाही आठवत."

इथे गुप्त्यांनी जरा थांबायला हवं होतं. पण स्वभावाला औषध कुठलं? मनाला लागलं होतं, आणि लागलं की त्यांची जीभ सुटायची. "मला वाचवायला बघतोय हा, साहेब! वेडा आहे! इतकी वर्षं याच्या दुकानात चहा पितोय मी. शपथेसाठी पेन करून देतो असं मीच याला कबूल केलं होतं. हे घ्या, हे बघा." त्यांनी फोन काढून फौजदारांच्या पुढ्यात धरला. पडॉकचा तुकडा, बरणीतलं हिरवं लाकूड, लेथ, पॉलिश, आणि शेवटी दुकानात डबी हातात धरून उभा असलेला टेकचंद, शेजारी त्याच्या खांद्यावर हात टाकलेले गुप्ते. एकही फोटो त्यांनी राहू दिला नाही. लेथवर वर-खाली कसं नसतं तेही सांगितलं, पेन आडवं धरून दाखवलं, उभं धरून दाखवलं. टेकचंद खाली मान घालून बसला होता.

फौजदार मन लावून ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन उचललं, सांध्यावरून बोट फिरवलं. "काय काम केलंय काका! माझे आजोबा सुतारकी करायचे. हे तुम्ही घरी केलंत?"

"घरी. गॅलरीत."

"मग सरळच आहे हो. हातून चूक झाली. अपमान करायचा हेतू नाही, काही नाही. तक्रार देणाऱ्यांना मी समजावतो. रिटायर्ड माणसाने प्रेमाने केलेली वस्तू आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? बसा ना काका, उभे का? अहो, काकांना चहा सांगा."

गुप्त्यांनी श्वास सोडला. बसले. वाटलं, झालं, सुटलो. टेकचंदकडे बघून हसलेसुद्धा. टेकचंद हसला नाही.

फौजदारांनी समोरचा कागद ओढून घेतला. "पण मग यांचं काय करायचं, सांगा," ते म्हणाले. आवाज अजून तितकाच सभ्य होता. "यांनी मघाशी जबाब दिलाय. पेन स्टेशनबाहेर फेरीवाल्याकडून घेतलं, कुणी दिलं नाही, बनवणाऱ्याला ओळखत नाही. खाली सही आहे. आणि आत्ता तुमच्यासमोर परत तेच बोलले."

"अहो, ते माझ्यासाठी बोलला तो. लोक माझ्या घरावर येतील म्हणून."

"असेल. मी कुठे नाही म्हणतो? पण यांची फाईल साधी नाही काका. पुढच्या आठवड्यात शपथ आहे ना? आज इथे काय घडलं ते ठाण्याच्या ऑफिसने मागितलंय माझ्याकडे. पेनाचं मी लिहीन, चुकून झालं, विषय संपला. पण पोलिसाला खोटं सांगितलं, हे मी लपवू कसं? तुम्हीच तर पुरावा आणून दिलात."

खोलीत पंखा फिरत होता. गुप्त्यांना एकदम सगळं कळलं. टेकचंदने मान का हलवली, ओळखत नाही असं का म्हणाला, आपण फोटो दाखवत होतो तेव्हा तो खाली का बघत होता. त्या फेरीवाल्याच्या थापेवर सगळं निभावून गेलं असतं. रस्त्यावर घेतलं, उलटं निघालं, माफी मागतो साहेब, एवढ्यावर कदाचित सुटला असता. पेन उलटं केलं तेव्हा आपल्या हातून चूक झाली होती. आता आपण धडधडीत त्याचा घात केला होता, आणि तोही छाती पुढे काढून.

"मग मी खोटं बोललो असं लिहा," ते म्हणाले. "लिहा की म्हातारा भ्रमिष्ट आहे, उगीच आला, पेन त्याचं नाहीच."

"काका."

"नाहीतर माझ्यावर गुन्हा लिहा. झेंडा मी उलटा केला. कुणीतरी दोषी पाहिजे ना तुम्हाला? मी आहे."

"तुमच्यावर काय लिहू?" फौजदारांना खरंच समजत नव्हतं. "तुम्ही आपले साधे गृहस्थ. चुकलात, येऊन सांगितलंत. तुम्हाला कोण काय करणार आहे? उद्यासुद्धा कुणी तुमच्या घरावर येणार नाही, खात्रीने सांगतो."

टेकचंदने मान वर केली. "येणार नाही?" त्याने विचारलं.

"नाही हो. यांच्या घरावर कशाला येतील?"

टेकचंद फौजदारांकडे बघत राहिला, मग गुप्त्यांकडे. सकाळी कॉलर धरली गेली तेव्हापासून त्याला तेवढीच एक धास्ती होती, आणि तिच्यापायी त्याने ती सही केली होती. चहा आला. पोऱ्याने कप गुप्त्यांपुढे ठेवला.

"साहेब, मंगळवारी मी ठाण्याला जाऊ की नको?" टेकचंदने विचारलं.

"आत्ता नका जाऊ. तिकडून कळवतील."

"कधी?"

"ते मी कसं सांगू?"

टेकचंदने मान डोलावली. हे उत्तर त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. बाहेर बाकावर लाजवंतीने विचारलं असावं, कारण उमाताईंचा दबका आवाज आला, "होईल गं, सगळं नीट होईल." गुप्त्यांनी दोन्ही हात जोडले. टेकचंदपुढे जोडले, आणि ते हात त्यांना खाली घेता येईनात. त्यांचा चष्मा ओला झाला होता आणि समोरचं काही दिसत नव्हतं.

टेकचंदने कप उचलून त्यांच्याजवळ सरकवला.

"साईं, चहा प्या," तो म्हणाला. "तुमचं तो काही नाही झालं ना, मग बस."